देल्फिमच्या धुराड्यातला धूर

पेनेदो, ११ नोव्हेंबर
संत मार्टिनचा सण

रुसूबुवा देल्फिम,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की तू वाचणार. लहानपणी रुसून कोपऱ्यात बसलास तरी ताटात काय वाढलंय ते मान वळवून बघायचासच. तुला चालायला मी शिकवलं आहे, माझ्यापुढे नखरे चालायचे नाहीत.

आज गावाने चेस्टनट भाजले आणि नवी वाइन उघडली. आबीलियोने त्याच्या कॅफेसमोर एवढा जाळ केला की कुत्रीसुद्धा लांब बसली. तुझ्या वाटणीचे चेस्टनट मी खाल्ले आणि आता पोट धरून बसले आहे, तेही तुझ्याचमुळे.

ऑगस्टातलं भांडण मी उकरून काढणार नाही. एवढंच म्हणते की खरी चूक फ्यूजची होती. बाबांच्या वेळची वायर, तिला तू खिडकीतून तुझी बॅटरीची गाडी जोडलीस. लक्झेंबर्गहून नवी गाडी आणली म्हणून मिरवलास आणि सगळ्या गल्लीचे दिवे घालवलेस, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. माझा फ्रीजर बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि अर्धं डुक्कर मऊ पडलं. मग मी ते सगळं रांधून गावाला जेवायला बोलावलं. तेवढ्यात तू बाकावर उभा राहून होऊ घातलेल्या लिथियमच्या खाणीविरुद्ध भाषण ठोकलंस. "आमचा डोंगर कुणाच्या गाडीसाठी पोखरू देणार नाही" असं तू म्हणालास आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुझी गाडी काय दवावर चालते?"

लोक हसले. मी हसवायला बोलले होते रे, तुला घालवायला नाही. पण तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहाटे उठलास, त्या बिचाऱ्या इलुंगाला झोपेतून उठवलंस आणि निघालास. डेपोत तुझ्याबरोबर बस चालवणारा माणूस, कॉंगोहून आलेला, पहिल्यांदा आपल्या घरी पाहुणा आला, आणि कॉफी न पिता गेला. दारात तू मला काय म्हणालास ते तुझ्या लक्षात असेलच. "लांडग्याचा माळ गेला तर निवृत्त होऊन मी इथे येणार नाही, ताई. तिकडे लक्झेंबर्गात, एशमध्येच मरेन."

निवृत्तीला तुला दोन वर्षं राहिली आहेत. गेली बारा वर्षं, म्हणजे तुझी बायको ग्रासा गेली तेव्हापासून, मी त्या दिवसाची वाट बघते आहे, आणि हे तुला माहीत असूनही तू ते बोललास. असो.

माळाची सभा फेब्रुवारीत ठरली आहे. कंपनीला तो माळ, म्हणजे गावाचं गायरान, भाड्याने हवं आहे, खाली लिथियमचा दगड आहे म्हणून. हो की नाही ते घरागणिक विचारणार. पाण्याच्या टाकीवर तू रंगवलेलं "नाही" अजून तसंच आहे. अक्षर मात्र अजून वाकडंच, शाळेत होतं तसं.

एक सांगायचं राहिलं. यंदा चेस्टनट फार आलेत आणि माझ्या चुलीवरच्या मचाणावर ते मावत नाहीत. म्हणून भिंतीपलीकडे तुझ्या स्वयंपाकघरात थोडे वाळत घातलेत आणि खाली बारीक विस्तव ठेवला आहे. उगीच भलता अर्थ काढू नकोस.

तुझी झुल्मिरा


पेनेदो, ३ डिसेंबर

देल्फिम,

उत्तर आलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

काल शेळ्या राखायची पाळी माझी होती. ज्याच्या जितक्या शेळ्या तितके दिवस त्याने सगळ्या गावाचा कळप वर न्यायचा, हा नियम तरी विसरला नसशील. तुझ्या नावच्या चार अजून कळपात आहेत, म्हणून तुझे दिवसही मीच चालते. तिकडे बसून लोक उंटावरून शेळ्या हाकतात, इथे मी खरोखरच्या हाकते. धुकं इतकं होतं की फारुस्को कुत्रा माझ्या पायाला चिकटून चालत होता. वर लांडगा असणार, पण आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही.

माळावरच्या थंड झऱ्यापाशी भाकरी खाल्ली. तिथे बसलं की मला हल्ली इलुंगा आठवतो. ऑगस्टात एक दिवस तो माझ्याबरोबर आला होता, तू घोरत पडला होतास त्या दिवशी. आपली भाषा त्याला तू शिकवलीस म्हणतोस, पण अर्ध्या शिव्याच शिकवल्यास की. त्याने एका शेळीला असं काही ऐकवलं की ती निमूट परत आली. मला तो "झुल्मिरा आई" म्हणत होता. मी म्हटलं, माझा नवरा जिवंत असता तर त्याने या पोराचा हिशेब विचारला असता. त्यावर तो इतका हसला की त्याच्या ओंजळीतलं पाणी सांडलं.

मग त्याने विचारलं, "आई, कंपनीची माणसं तुम्हाला विचारायला येतात?"

"येतात म्हणजे? इतक्यांदा येतात की त्यांच्या बिस्किटांचासुद्धा कंटाळा आला."

"आमच्याकडे कोणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "एके दिवशी सकाळी उठलो तर घराच्या भिंतीवर लाल रंगाची फुली. शेजाऱ्याच्या भिंतीवर पण. मग कळलं, आमच्या घराखाली चांगला माल आहे."

"आणि घर?"

"गेलं. माझा पुतण्या आता तिथेच खोदतो, हाताने. आमची चूल होती ना, तिथेच कुठेतरी." हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता, आपण पावसापाण्याचं बोलतो तसं बोलत होता. पुढे म्हणाला, "तुम्हा लोकांना नाही म्हणता येतं. केवढी श्रीमंती आहे ही."

मी त्याला आणखी एक सॉसेज कापून दिलं. आपल्याला उत्तर सुचलं नाही की आपण खायला घालतो, आईही तेच करायची. पण देल्फिम, ते वाक्य शेळ्या राखताना मी अजून घोळवते आहे. त्या रात्रीच तू बाकावर चढून भाषण केलंस आणि इलुंगा तुझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होता. माझ्या तोंडून ते दवाचं निघालं, ते तुला उद्देशून जेवढं होतं तेवढंच मलाही होतं.

गेल्या आठवड्यात कंपनीची ती मातिल्द येऊन गेली. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आत आली, तेव्हाच कळलं की पोर चांगल्या घरची आहे. शावेस शहरातली आहे, आजीच्या शेळ्या होत्या म्हणाली. मी तिला कोबीचं सूप वाढलं आणि विचारलं, इलुंगाच्या गावचा दगड आणि आपला दगड एकच का? ती म्हणाली नाही, तो कोबाल्टचा, हा लिथियमचा, पण पुष्कळ बॅटऱ्यांना दोन्ही लागतात. आपल्याकडचा नाही काढला तर तो लांबून कुठूनतरी येणार, दुसऱ्या कुणाच्यातरी पाण्याजवळून. मग मी झऱ्याचं विचारलं. तिने चमचा खाली ठेवला.

"मावशी, झरा आटणार नाही असं साहेब सांगतील. मी नाही सांगणार. मला माहीत नाही."

मी तिला दुसऱ्यांदा सूप वाढलं. खोटं न बोलणाऱ्याला आपल्या घरात उपाशी पाठवत नाहीत.

मी अजून काही ठरवलेलं नाही. कान टवकारू नकोस.

तुझी झुल्मिरा

तुझ्या मचाणावरचे चेस्टनट छान वाळताहेत. वेळ लागेल.


पेनेदो, २२ डिसेंबर

देल्फिम,

पार्सल मिळालं. कॉफी, चॉकलेट आणि लोकरीचे हातमोजे. चिठ्ठी नाही. मी कागद उलटा केला, खोक्याचा तळ फाडून बघितला, कॉफीच्या पुड्यातसुद्धा बोट घालून बघितलं. वरचा पत्ता तेवढा तुझ्या वाकड्या अक्षरात होता, तोच दोन वेळा वाचला. हातमोजे बरोबर मापाचे आहेत. आईच्या हातासारखे माझे हात झालेत हे तुला आठवतं म्हणजे सगळंच काही बिघडलेलं नाही.

आणि इलुंगाचा फोन आला होता, नाताळच्या शुभेच्छा द्यायला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं की माझी पत्रं तू डेपोत मोठ्याने वाचून दाखवतोस आणि बाकीचे ड्रायव्हर पुढच्या पत्राची वाट बघतात. म्हणजे माझ्याशी अबोला आणि माझ्या जिवावर हशा. मी दिवसभर चिडून होते. मग भाकऱ्या लावायला गावाच्या भट्टीवर गेले आणि तिथे मीच सगळ्यांना हे हसत सांगितलं.

आता हे पुढचं डेपोत वाचू नकोस. एकटा बसून वाच.

काल डुक्कर मारलं. सॉसेजच्या माळा माझ्याही चुलीवर आहेत आणि तुझ्याही. पण खरं सांगते, चेस्टनट एवढे काही आले नव्हते आणि सॉसेज माझ्या एकटीच्या धुराड्यात मावली असती. आपल्या गावात मार्टिनच्या सणापासून सहा जानेवारीच्या राजांच्या सणापर्यंत ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो गावकरी, बाकीचे ऑगस्टातले पाहुणे. ज्याचा धूर त्याचा सभेत शब्द. तू मागची तीन वर्षं नाताळला आला नाहीस. यंदाही धूर दिसला नसता तर कुणीतरी तुझं घर मोजणीतून गाळलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून रोज सकाळी मी आधी तुझी चूल पेटवते, मग माझी. तुझी लाकडं ओली, मेली पेटतच नाहीत. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी येतं. शेजारीण विचारते रडतेस का, मी म्हणते हो, भावाच्या लाकडांसाठी.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्याच तोंडून ऐकावीस असं मला वाटतं, नाहीतर आबीलियो तुला कळवेल आणि तो मीठ-मसाला लावल्याशिवाय राहायचा नाही.

सभेत मी हो म्हणणार आहे.

पत्र खाली ठेवू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच.

तुझं म्हणणं मला कळलं नाही असं समजू नकोस. तू ऑगस्टात म्हणालास की एक बस साठ माणसं नेते, मग एकेका माणसासाठी एकेक जड गाडी कशाला? आधी त्यांनी गाड्या कमी कराव्यात, मग दुसऱ्याच्या डोंगराकडे बघावं. हे शंभर टक्के खरं आहे. (मग तू स्वतः बस सोडून गाडीने का आलास हे मी विचारत नाही.) आपण माळावर लहानाचे मोठे झालो. थंड झऱ्याच्या पाण्यावर खालची सगळी कुरणं आहेत. वसंतात तो पिवळा फुलोरा फुलतो तेव्हा मला अजून तू दिसतोस, अनवाणी, हातात बाबांची टोपी घेऊन पळणारा. माळ गेला तर माझं काय जाईल हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी रोज तिथे जाते.

पण मी शेळ्यांच्या पाळीवर विचार करत राहिले. आपल्याकडे कोणी असं म्हणत नाही की शेळ्या माझ्या, दूध माझं, आणि राखण तेवढी शेजाऱ्याची. ज्याच्या जास्त त्याने जास्त दिवस चालायचं. आपल्या गावात एक जुना पिकअप आणि दोन ट्रॅक्टर, म्हणजे आपल्या शेळ्या थोड्या. मोठ्या शहरांचे कळपच्या कळप आहेत, त्यांनी आधी आणि जास्त चालावं हे मी सभेत ओरडून सांगणार आहे. पण आपल्या शेळ्या अजिबातच नाहीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तुझी बस बॅटरीची आहे. तुझी ती गाडी आहे. तुझ्या बसमुळे एशमधल्या पोरांच्या छातीत धूर जात नाही, हे तूच मला अभिमानाने सांगितलंस आणि मीही ते गावभर सांगितलं. मग त्या बॅटरीतला दगड कायम इलुंगाच्या चुलीखालून आणि आणखी कुणाच्या झऱ्याजवळूनच यायचा का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला जमेना.

माझं हो पूर्ण हो नाही. खड्डा माळाच्या पलीकडच्या उतारावर हवा, झऱ्याच्या बाजूला नाही. आणि पाणी कमी झालं की काम बंद, हे करारात हवं. मातिल्द म्हणते असं घालता येईल. तू म्हणशील, ताई, कागदाने पाणी अडत नाही. कदाचित तुझंच खरं ठरेल आणि मी मूर्ख ठरेन. तेही मी घेईन माझ्या अंगावर.

एवढं लिहून झालं आणि आता मला भीती वाटते आहे. तू म्हणाला होतास, माळ गेला तर येणार नाही. मला तू इथे हवा आहेस. भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकू यावा आणि सकाळी तू कॉफी मागायला माझ्या दारात यावंस, यापलीकडे मला या वयात काही नको आहे. आणि तरी मी हो म्हणणार आहे.

झुल्मिरा


पेनेदो, ८ जानेवारी

देल्फिम,

राजांच्या सणानंतर काल घरांची मोजणी झाली. तुला सविस्तर सांगते, म्हणजे आबीलियोकडून दुसरंच काही ऐकलंस तर ताडून बघता येईल.

शाळेत जमलो होतो. शाळेला मुलं राहिली नाहीत, आता सभांनाच ती उपयोगी पडते. अध्यक्ष आपल्या कुस्तोदिया मास्तरीणबाई, अजून छडी घेऊन बसतात. एकेक घर घेत त्या तुझ्या घरापाशी आल्या आणि आबीलियो उठला. खालची शेतं त्याने कंपनीला आधीच विकली आहेत, त्यामुळे खाई त्याला खवखवे. पण त्याच्यावर मी फार रागावू शकत नाही. त्याचा मुलगा स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्यांची भांडी घासतो, इथे काम निघालं तर परत येईन म्हणतो. आबीलियोलाही आपलं माणूस घरी हवं आहे, माझ्यासारखंच.

तर तो म्हणाला, "देल्फिमच्या धुराड्यातून धूर निघतो हे मान्य. पण त्या धुराने खोकतं कोण?"

सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. माझ्या केसांना अजून तुझ्या ओल्या लाकडांचा वास होता, नाकारणार काय? मी उभी राहिले. म्हटलं, हो, खोकते मीच. पेटवते मीच. पण घर त्याचं, शेळ्या त्याच्या, आणि त्या शेळ्यांचे दिवस कोणी चुकवलेले नाहीत. तुमच्यापैकी कितीजणांची पोरं बाहेर आहेत? त्यांची नावं गाळायची असतील तर आज सगळ्यांचीच गाळा, मग शाळेत आपण आठ म्हाताऱ्या आणि एक छडी उरू. यावर कोणी हसलं नाही.

आबीलियोला गंमत वाटली. मी हो म्हणणार आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तो म्हणाला, "झुल्मिरा, देल्फिमचं घर गळालं तर एक 'नाही' कमी होतं. तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"मी देल्फिमच्या बाजूची," मी म्हटलं. "त्याच्या मताच्या नाही."

मास्तरीणबाईंनी छडी आपटली आणि निकाल दिला. चूल ज्याची, शब्द त्याचा. पण यंदा धूर दुसऱ्याच्या हातचा होता, म्हणून सभेच्या आदल्या दिवशी देल्फिमने स्वतः येऊन स्वतःच्या हाताने चूल पेटवावी आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तोंडाने बोलावं. नाही आला तर त्याचं घर मुकं धरायचं आणि पुढच्या वर्षी मोजायचं नाही. आबीलियोला पटलं. मलाही पटलं, जरी तेव्हा मी तोंड वाकडं केलं.

म्हणून हे पत्र. सभा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. मी हे तुला कळवलं नसतं तर माझं काम सोपं झालं असतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू मुका राहिला असतास, माझं हो उरलं असतं, आणि घरांचा कल बघता माळाचं पारडं तिकडे झुकलंही असतं. पण असं जिंकून मी तुझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात काय करणार? भिंतीशी बोलणार?

तू ये. माझ्याविरुद्ध बोलायला ये. टाकीवर लिहिलंस ते सगळ्यांसमोर तोंडाने म्हण, मी मध्ये बोलणार नाही. मग मी माझं म्हणेन, तूही मध्ये बोलू नकोस. मत कुणीकडेही पडो, रात्री जेवायला माझ्याकडेच यायचं आहे, कारण तुझ्याकडे भांडीच नाहीत.

इलुंगालाही घेऊन येता आलं तर बघ. त्याचा शब्द आपल्या सभेत चालायचा नाही, पण या सगळ्यात त्याला कोणीतरी एकदा विचारावं असं मला वाटतं. निदान जेवताना मी विचारेन.

तुझी झुल्मिरा


शनिवार सकाळ
तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर

देल्फिम,

इलुंगाने कळवलं की तू काल बसमध्ये बसलास. गाडी न घेता, दोन देश ओलांडून, साठ जणांच्या घामात. इलुंगाला सुट्टी मिळाली नाही, याचं मला वाईट वाटलं. पण मी त्याला फोनवरच विचारलं, की बाबा, तू माझ्या जागी असतास तर काय म्हणाला असतास? तो म्हणाला, "आई, मी हो म्हणालो असतो की नाही, ते मला नाही माहीत. पण मी आधी खूप वेळ लावला असता. आम्हाला वेळ मिळाला नव्हता." हे तुला सांगावंसं वाटलं. उद्या सभेतही सांगणार आहे, तुझ्या बाजूने धर की माझ्या बाजूने.

तू पोचशील तेव्हा मी घरी नसेन. आज राखणीचा दिवस आहे, तोही तुझ्या शेळ्यांचा. शेजारीण बदलून घेते म्हणाली, मी नको म्हटलं. सूप माझ्या चुलीवर आहे, फक्त गरम कर. भाकरी फडक्यात गुंडाळली आहे. सॉसेज वरच्या माळेतलं घे, खालचं अजून कच्चं आहे. वायरीला हात लावू नकोस.

नोव्हेंबरपासून आज पहिल्यांदा तुझी चूल मी पेटवलेली नाही. राख काढून ठेवली आहे आणि लाकडं माझ्याकडची कोरडी आणून रचली आहेत, म्हणजे तुला फुंकत बसावं लागणार नाही. घर थंडगार आहे, तेव्हा आल्या आल्या कोट काढू नकोस. काड्या वरच्या फळीवर, मिठाच्या डब्यामागे.

मी थंड झऱ्यापाशी बसले असेन. तिथून आपली दोन्ही धुराडी स्पष्ट दिसतात. तुझ्यातून धूर निघाला की मी शेळ्या खाली वळवते.